जैवविविधता करारांची कार्यशाळा, ठाणे : दुपारचं सेशन चुकवू नका

नौपाड्यात एका संस्थेने रविवारी ठेवली होती, विषय भारदस्त, आंतरराष्ट्रीय जैवविविधता करार आणि महिलांचा सहभाग. बहिणीने परस्पर नाव घातलं म्हणून गेले, फी जरा जास्तच वाटली.

सकाळी नुसत्या स्लाइड्स. माहिती चांगली होती हां, म्हणजे 1992 च्या रिओच्या जैवविविधता कराराच्या प्रस्तावनेतच लिहिलंय की धोरण ठरवण्यापासून अंमलबजावणीपर्यंत बायका हव्यात, भारत 1994 ला त्यात आला, मग 2022 ला मॉन्ट्रियलमध्ये 23 टार्गेटं ठरली, त्यात 22वं निर्णयात आदिवासी, स्थानिक लोक, बायका-मुली सगळ्यांना घ्या असं आणि 23वं खास स्त्री-पुरुष समानतेचं. पण सर पीपीटी वाचूनच दाखवत होते, अर्धा हॉल मोबाइलवर.

जेवणानंतर येऊरच्या पाड्यावरच्या एक मावशी आल्या आणि हॉल जागा झाला. पेपरवर शेवळं (पावसाळ्यातली रानभाजी) पसरली, आतला पिवळट भाग खुडून बाजूला टाकला, सोबत काकडं, म्हणजे आंबट रानफळं, ठेवली, म्हणाल्या हे नाय घातलं तर घसा धरतो. कुठली खुडायची, कुठली पुढच्या वर्षासाठी मातीत ठेवायची, सगळं तोंडपाठ! सर म्हणाले हे सगळं ‘लोक जैवविविधता नोंदवही’त, म्हणजे गावातली झाडं-प्राणी आणि त्यांची माहिती लिहून ठेवतात त्या वहीत, यायला हवं, आणि 2004 च्या नियमांत गावाच्या जैवविविधता समितीवर एक तृतीयांश तरी बायका हव्यात असं होतंच. मी विचारलं, मावशी मीटिंगला आल्या तर त्या दिवसाचा धंदा बुडाला, तो कोण भरून देणार? सर म्हणाले छान प्रश्न, आणि पुढची स्लाइड. अहो मुद्दाच तो आहे ना, खुर्ची ठेवलीत पण रोजी सोडून बसणार कोण त्यावर.

ठाणे खाडी 2022 ला रामसर यादीत (जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांची यादी) गेली त्यावर एकच स्लाइड, तीही फ्लेमिंगोंची. चेंदणी कोळीवाडा हाकेच्या अंतरावर, पण तिथून एकीलाही बोलावलं नव्हतं, हे खटकलंच. आणि हॅंडआउट सगळं इंग्रजीत, मावशींना पण तेच दिलं.

एकूण तीन स्टार. बचत गटवाल्यांनी आणि कॉलेजच्या मुलींनी नक्की जा, फक्त आधी फोन करून दुपारी कोण बोलणारे ते विचारा. जेवण बरं होतं, चहा पाणचट. गाडी नेऊ नका, पार्किंग नाही, स्टेशनवरून चालत जाता येतं.