कट्यार: नाटकाची की सिनेमाची?

भाच्याचा परवा फोन आला. "मामा, कट्यार ऐकायला घेऊन राहिलो, पण दोन-दोन दिसून राहिल्या. कोणती ऐकू?" प्रश्न साधाच, पण नागपुरात, मे महिन्यात विचारलेला.

कट्यार म्हणजे "कट्यार काळजात घुसली", गायकीच्या दोन घराण्यांच्या भांडणाची गोष्ट. एक कट्यार १९६७च्या संगीत नाटकाची. लेखन पुरुषोत्तम दारव्हेकरांचं, संगीत जितेंद्र अभिषेकींचं, त्यातल्या एका घराण्याच्या खाँसाहेबांच्या भूमिकेत गायक वसंतराव देशपांडे. दुसरी २०१५च्या चित्रपटाची. दिग्दर्शक सुबोध भावे, संगीत शंकर-एहसान-लॉय यांचं, काही जुनी पदं ठेवून वर नवी गाणी घातलेली. दारव्हेकर मास्तर नागपूरचे, वसंतराव गाणं शिकू लागले ते याच गावात, आणि सिव्हिल लाईन्समधल्या सभागृहाला नाव वसंतरावांचंच. तेव्हा माझं माप कुठे झुकणार हे आधीच धरून चाला आणि पुढचं त्या हिशोबाने वाचा.

पहिला मुद्दा कूलरचा. हसू नका. आपल्याकडे एप्रिल ते जून घरात एक तानपुरा अखंड चालू असतो. पंख्याची घरघर, वाळ्याच्या ताट्यांवरून ठिबकणारं पाणी, मध्येच पंपाचा खोकला. आमच्या कूलरचा षड्ज काळी एक आणि काळी दोन यांच्या मधे कुठेतरी आहे, पेटीवर तो सापडत नाही. जुनं ध्वनिमुद्रण यात बुडतं. वसंतराव तान संपवता संपवता आवाज एकदम आत ओढून घेतात, तिथेच पंप सुरू होतो. सिनेमाचा अल्बम मात्र कूलरला पुरून उरतो. मोठा वाद्यमेळ, खणखणीत मिश्रण, गाडीत लावा, स्वयंपाकघरात लावा, शब्द न् शब्द कानावर पडतो. दिवसा ऐकणार असाल तर वाद इथेच संपला.

गाण्याचं म्हणाल, तर "सुरत पिया की" दोन्हीकडचं लागोपाठ लावा. वसंतराव एका रागातून दुसऱ्यात जातात तेव्हा दार उघडल्याचा आवाज येत नाही. आपण आत पोचलेलो असतो आणि मग लक्षात येतं. त्यात एक खट्याळपणाही आहे, जागेवर पोचायच्या आधी ते ऐकणाऱ्याला जरा हुलकावणी देतात. सिनेमात तेच पद सामन्यासारखं रंगतं, आणि कथेला ते शोभतंही. पण सामना एकदा बघितला की निकाल ठाऊक असतो. जुनं मी कितव्यांदा ऐकतोय कोण जाणे, ती हुलकावणी अजून चुकवता आलेली नाही.

"घेई छंद मकरंद"सुद्धा असंच. नाटकात शब्द तेच, चाली दोन, एक सालगवराळीत आणि एक धानीत. दोन घराण्यांचं भांडण समजायला संवादाची गरज उरत नाही. रागांची नावं माहीत नसली तरी बिघडत नाही, माझ्या बायकोला नाहीत, आणि फरक तिनेच मला आधी दाखवला होता.

सिनेमावर अन्याय नको. त्यातली नवी गाणी हा त्याचा खरा ऐवज आहे. "दिल की तपिश"मध्ये वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे आजोबांची नक्कल करत नाहीत, हेच मला मोठं वाटतं. "अरुणि किरणी"साठी महेश काळे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो योग्यच. या दोघांनी सिनेमाच्या आधी नाटकही रंगमंचावर केलं होतं, त्यामुळे गाणं अंगात मुरलेलं आहे, स्टुडिओत पाठ केलेलं वाटत नाही. कव्वाली मला लांबट वाटते, पण आमच्या घरात हे मत माझ्या एकट्याचं आहे.

वसंतरावांच्या आयुष्यावरचा चित्रपट "मी वसंतराव" हा तिसरा पर्याय. २०२२ साली आला, जवळपास तीन तासांचा आहे. माणूस कळायचा असेल तर तो बघा, पण आधी गाणं ऐका. आवाज ओळखीचा नसताना आयुष्य बघायला बसलं तर अर्धी गंमत वाया जाते.

तर भाच्याला सांगितलं ते असं. शास्त्रीय गाणं कधीच ऐकलं नसेल आणि ऑफिसच्या वाटेवर ऐकायचं असेल, तर सिनेमा, आणि त्यातली नवी गाणी आधी. महिन्यात एखादी निवांत वेळ काढता येत असेल, तर सरळ नाटकाची पदं. रेकॉर्डसाठी ती आटोपशीर गायलेली आहेत, पसारा नाही. सुरुवात "तेजोनिधी लोहगोल"ने कर. पहाटे, गच्चीवर, खालचा कूलर ऐकू येणार नाही इतक्या लांब. साडेपाचला लाव, म्हणजे पद संपेपर्यंत सूर्य वर येतो, आणि मे महिन्यातल्या नागपूरकराला लोहगोल म्हणजे काय ते वेगळं समजवावं लागत नाही.

तो "हो हो" म्हणाला आणि फोन ठेवला. पहाटे कोण उठतं. पण काल रात्री दीडला त्याचा मेसेज आला. "मामा, कूलर बंद केला. घामाघूम होऊन राहिलो. परत लावतो."