भावाची हमी की शेतात मदत? मॉरिशसचा ऊस बघा

आमच्या गोव्यात काजू, नारळाच्या आधारभूत किमतीचा विषय निघाला की सगळे म्हणतात दर वाढवा बस, पण मला मॉरिशस आठवतो, आपली मराठी माणसंपण आहेत तिथे. छोटं बेट, आणि 1975 पासून युरोपशी शुगर प्रोटोकॉल, म्हणजे दरवर्षी जवळपास 5 लाख टन साखर ठरलेल्या चढ्या भावाने घेणार. शेतकऱ्याला पैसे कधी, किती मिळणार ते आधीच माहीत, हा फायदा खरंच मोठा आहे, नाकारत नाही मी. पण भाव ठरवणारे परके ना! 2006 पासून 4 वर्षांत त्यांनी तो 36 टक्के खाली आणला, 2009 ला करार संपला, आणि सगळ्यात जास्त मार बसला छोट्या शेतकऱ्यांना, कितीतरी जणांनी ऊसच सोडला.

दुसरा रस्ता शेतात मदतीचा. तिथल्या सरकारने छोटे तुकडे एकत्र करून धोंडे काढून दिले, पाण्याची सोय केली, चोथ्यापासून वीज तर आधीपासूनच होती, ती वाढवली. हे हळू चालतं, लगेच हातात काही दिसत नाही, पण मोकळी झालेली जमीन कोणी परत घेऊन जात नाही.

म्हणून मला दुसरा पर्याय जास्त पटतो. आपल्या खाजन शेतीत, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेतीत, बांध फुटला, मानशीतून (पाणी आत-बाहेर सोडायच्या दारातून) खारं पाणी आत आलं तर भाताचा भाव कितीही द्या, विकायला भातच नसणार. आधी बांध.