जुना डिजिटल एफएम-एएम ट्यूनर: पुढच्या पॅनेलचा वापरानंतरचा अनुभव

नव्वदच्या दशकातला जपानी बनावटीचा सिंथेसाइझर ट्यूनर (स्वतःचा स्पीकर नसलेला, ठरावीक पायऱ्यांनी स्टेशन लावणारा रेडिओ), पुण्यात अँप्लिफायरला जोडून रोजच्या वापरात. पावसाळ्यात घेतला, आता उन्हाळा लागलाय. आवाजाबद्दल एवढंच सांगतो की बरी अँटेना लावली तर फोनवरच्या रेडिओशी तुलनाच नको. खरा प्रश्न पुढच्या पॅनेलचा आहे. असे ट्यूनर 'स्टेशन पकडत नाही', 'स्टिरिओ गेला', 'मेमरी उडते' म्हणून विकले जातात आणि त्यातल्या बऱ्याच तक्रारी एका बटणापाशी येऊन थांबतात.

ते बटण म्हणजे ऑटो/मॅन्युअल. नावावरून वाटतं की ते फक्त स्टेशन शोधण्याची पद्धत बदलतं. प्रत्यक्षात या जातीच्या बऱ्याच ट्यूनरमध्ये ते एकाच वेळी तीन कामं करतं. ऑटोमध्ये शोध आपोआप चालतो, स्टिरिओ चालू असतो आणि म्यूटिंगही चालू असतं, म्हणजे ठरावीक पातळीखालचा सिग्नल असला तर स्पीकर गप्प. मॅन्युअलमध्ये एकेक पायरी सरकते, आवाज मोनो होतो आणि म्यूटिंग सुटतं. त्यामुळे लांबचं स्टेशन ऑटोमध्ये 'नसतंच', आणि मॅन्युअल केलं की खरखरीसकट हजर होतं. ट्यूनर बिघडलेला नसतो. कमकुवत सिग्नलवर मोनोच ऐकावा. स्टिरिओचा फरक-सिग्नल (डाव्या-उजव्या आवाजातला फरक) ३८ किलोहर्ट्झच्या उपवाहकावर येतो, तो उलगडताना खरखर सुमारे २० डेसिबलने वाढते.

आता तीन कामांच्या या जोडणीतला खरा सापळा. माझ्या ट्यूनरची एफएमची पायरी ५० किलोहर्ट्झची आहे. जोरदार स्टेशनवर ऑटो शोध कधीकधी एक पायरी आधीच थांबतो: ९३.५० ऐवजी ९३.४५. 'स'चा उच्चार फाटायला लागला की ओळखावं. दुरुस्तीसाठी मॅन्युअलमध्ये जाऊन एक पायरी वर गेलात आणि तिथेच मेमरी दाबलीत, तर स्टेशन मोनो म्हणूनच साठतं. नंतर त्या नंबरावर स्टिरिओचा दिवा कधीच लागत नाही, आणि माणूस स्टिरिओ उलगडणाऱ्या डिकोडरची आयसी बदलायला निघतो. योग्य क्रम असा: मॅन्युअल, अचूक आकडा, परत ऑटो (आकडा हलत नाही), स्टिरिओचा दिवा लागल्याची खात्री, मग मेमरी. मेमरीचा दिवा साधारण पाच सेकंद लुकलुकतो, तेवढ्यात गट आणि नंबर दाबायचा. जागा आधी भरलेली असली तर जुनं स्टेशन न विचारता पुसलं जातं. लांबची स्टेशनं मात्र मुद्दाम मोनोतच साठवावीत. काही मॉडेलांत मोनोचं बटण स्वतंत्र असतं. निवडीला वाव असेल तर तेच घ्यावं. एकाच बटणात तिन्ही कोंबण्याची ही काटकसर मला आजवर पटलेली नाही.

ऑटो मेमरी हे बटण नवख्याला आवडतं, मला नाही. ते खालून वर शोधत जातं आणि पहिल्या गटातल्या पहिल्या नंबरापासून भरत सुटतं. हाताने लावलेला क्रम गेला, शिवाय एक पायरी चुकलेली स्टेशनंही तशीच साठतात.

वाइड-नॅरोचं बटण (ट्यूनर किती रुंद पट्टा आत घेतो ते ठरवणारं) असेल तर शहरात ते वाइडवरच राहू द्या. आपल्याकडे खासगी वाहिन्या ९१.१, ९१.९, ९२.७, ९३.५, ९४.३ अशा ०.८ मेगाहर्ट्झच्या अंतराने बसवलेल्या आहेत, तेवढं अंतर वाइडला पुरतं. नॅरोमध्ये विकृती वाढते आणि स्टिरिओची विभागणी घटते. लांबचं स्टेशन एखाद्या जोरदार शेजाऱ्यापासून ०.२ वर असेल तेव्हाच ते कामाचं. टॉवरजवळ राहणाऱ्यांना लोकल/डीएक्सचं बटण (लोकलवर सिग्नल मुद्दाम कमी करून घेतो) जास्त उपयोगी पडेल. ९१.१ आणि ९३.५ दोन्ही फार जोरात आले तर ९५.९ वर (९३.५ ची दुप्पट वजा ९१.१) भुताचं स्टेशन उभं राहू शकतं. लोकल दाबल्यावर ते नाहीसं झालं तर समजायचं की ते ट्यूनरच्या आतच तयार होत होतं.

एएमकडे वळण्याआधी ९/१० किलोहर्ट्झच्या पायरीची निवड तपासा. ती कधी मागच्या बाजूच्या सरकत्या स्विचवर असते, कधी ठरावीक बटण दाबून ठेवून पॉवर चालू करावा लागतो. आपली मध्यम लहरीची केंद्रं ९ च्या पटीत आहेत: मुंबई अस्मिता ५५८, नागपूर ५८५, पुणे ७९२. पायरी १० ची असेल तर ७९२ ऐवजी ७९० मिळतं आणि आवाज किरटा येतो. ५८५ तर ५८० आणि ५९० च्या बरोबर मध्ये अडकतं. ही निवड बदलली की अनेक मॉडेलांत मेमरी कोरी होते, म्हणून हे काम सगळ्यात आधी. एएमवर ऑटो शोध वापरूच नका. एलईडी दिव्यांच्या आणि चार्जरच्या आवाजावर तो दर थोड्या अंतराने थांबतो.

अमेरिकेतून आलेला ट्यूनर असेल तर आणखी दोन गोष्टी. काहींची एफएमची पायरी ०.२ ची आणि फक्त विषम दशांशांवर असते, मग पुण्याची १०१.० वरची विविध भारती नेमकी लागणारच नाही. शिवाय तिकडचं डी-एम्फसिस (प्रक्षेपणात वाढवलेले उंच स्वर ट्यूनरमध्ये परत खाली आणणं) ७५ मायक्रोसेकंदांचं, आपलं ५०. त्यामुळे १० किलोहर्ट्झपाशी आवाज साधारण ३ डेसिबल दबलेला येतो. जपानच्या देशी बाजारातला तर घेऊच नका: पट्टा ७६ मेगाहर्ट्झपासून सुरू होऊन ९० ला संपतो आणि वीज १०० व्होल्टची लागते.

बटणांचं म्हातारपण हा वेगळाच विषय. 'अप' दाबलं की 'डाउन' जातं, ३ दाबलं की ४ लागतं, दमट हवेत हे जास्त. कारण सोपं आहे: बऱ्याच पॅनेलांत बटणांची ओळ रेझिस्टरच्या साखळीवर बसवलेली असते आणि प्रोसेसर व्होल्टेज मोजून बटण ओळखतो. आतल्या पत्रीवर ऑक्साइड चढलं की रोध वाढतो आणि व्होल्टेज शेजारच्या बटणाच्या हद्दीत जातं. प्लग काढून मल्टिमीटर लावा. चांगलं बटण दाबल्यावर एक ओहमच्या आत दाखवतं. खराब बटण दहा-वीसपासून शेकड्यांपर्यंत, तेही हलतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल टाकून काही आठवडे निभतं. तेलकट स्प्रे मारू नका, धूळ धरून बसतो. कायमचा इलाज म्हणजे बटणं बदलणं. ६ × ६ मिलिमीटरचे टॅक्ट स्विच (आतली छोटी दाबबटणं) पुण्यात पासोड्या विठोबापाशी किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला काही रुपयांत मिळतात. दांडीसकट उंची मात्र मोजून न्या. अर्धा मिलिमीटर जास्त झाला तर पॅनेल बसवल्यावर बटण कायमचं दाबलेलं राहतं आणि ट्यूनर कुठलंच बटण ऐकत नाही. एकच बदलू नका, पूर्ण ओळ बदला. बाकीची त्याच वयाची असतात.

मेमरी उडण्याचं कारण बहुधा ५.५ व्होल्टचा, ०.०४७ किंवा ०.१ फॅरडचा सुपरकपॅसिटर, म्हणजे वीज गेल्यावर मेमरी जिवंत ठेवणारा साठा. अँप्लिफायरच्या मागच्या स्विच्ड सॉकेटला ट्यूनर लावला तर अँप्लिफायर बंद होताच त्याची वीज जाते आणि थकलेला कपॅसिटर रात्रभरही टिकत नाही. आधी थेट भिंतीच्या सॉकेटला लावून, काही तास चार्ज होऊ देऊन बघा. तरीही मेमरी जात असेल तर बदला, ध्रुव जपून. काही मॉडेलांत मेमरी ईईप्रॉममध्ये (विजेशिवाय टिकणाऱ्या चिपमध्ये) असते, त्यांना हा त्रासच नाही.

डिस्प्ले फ्लुरोसंट आहे, वापराने मंदावतो, आणि मंदावलेला सहसा परत उजळत नाही. डिमर असेल तर कायम खालच्या पायरीवर ठेवा. विकत घेताना उलटं करा: डिमर पूर्ण उजळ करून सगळे आकडे सारखे दिसतात का बघा, मग मेमरीचे सगळे नंबर एकेक दाबून पाहा.