होंडुरन मिल्कस्नेक, वर्ष उलटल्यावर: साप उत्तम, थर्मोस्टॅट भिकार

सापाबद्दल सगळं चांगलंच लिहायचंय, पण आधी थर्मोस्टॅट, म्हणजे सापाच्या काचेच्या टँकची ऊब ठरावीक राखणारं यंत्र. कारण या एका उपकरणापायी आमचा साप मरता मरता वाचला. आणि ते काही स्वस्तातलं नव्हतं. पन्नासच्या वर डॉलर मोजून, लोकांचे चांगले अभिप्राय वाचून घेतलं होतं.

आम्ही टेक्ससमध्ये, डॅलसजवळ राहतो. लेकीचा हट्ट होता, म्हणून एका रेप्टाइल एक्स्पोत ब्रीडरकडून होंडुरन मिल्कस्नेकचं पिल्लू घेतलं. त्याचं नाव गेरू. आणला तेव्हा जेमतेम फूटभर होता, आता अडीच फुटांच्या आसपास आहे. या जातीचे साप चार फुटांच्या पुढे जातात आणि नीट सांभाळले तर पंधरा-वीस वर्षं जगतात. म्हणजे लेक कॉलेजला गेली तरी गेरू माझ्याकडेच असणार, हे धरूनच घेतला.

झालं असं, की गेरू पाण्याच्या भांड्यात जाऊन बसायला लागला. एरवी हा प्राणी दिवसभर भुशाखाली गडप असतो. कात टाकायच्या आधी कधीकधी साप पाण्यात बसतात, पण तेव्हा डोळे निळसर दुधाळ होतात. याचे स्वच्छ काळे होते. मग माइट्सची, म्हणजे सापाच्या अंगावरच्या बारीक किड्यांची शंका आली. पांढरा ओला टिश्यू डोक्यापासून शेपटीपर्यंत फिरवून पाहिला, एकही काळा ठिपका नाही. शेवटी टेम्परेचर गन काढली, उबेच्या बाजूचा भुसा बाजूला केला आणि तळाच्या काचेवर रोखली. १०८ फॅरनहाइट! म्हणजे ४२ सेल्सियस. तिथे ८६ ते ८८ हवं. थर्मोस्टॅट टँकच्या मागे, प्लगपाशी असतो. वाकून पाहिलं तर त्याच्या स्क्रीनवरही १०८ च. हिटिंगचा दिवा विझलेला, आणि टँकखालची उबेची मॅट मात्र हात लावला तर चटका बसेल अशी. दर थोड्या वेळाने येणारा तो ‘टक्’ आवाज बंद झाला होता, हे तेव्हा लक्षात आलं.

तो आवाज रिलेचा, म्हणजे आतल्या विजेच्या खटक्याचा. साध्या ऑन-ऑफ थर्मोस्टॅटमध्ये रिलेचे दोन छोटे संपर्कबिंदू जुळतात, सुटतात, आणि दर वेळी मध्ये बारीक ठिणगी पडते. कालांतराने ते बिंदू एकमेकांना चिकटून बसतात. मग यंत्राने ‘बंद’ म्हटलं तरी वीज जातच राहते. महागड्या प्रपोर्शनल प्रकारात (तो वीज पूर्ण चालू-बंद न करता कमीजास्त करतो) रिलेऐवजी ट्रायॅक नावाचा इलेक्ट्रॉनिक स्विच असतो, पण तोसुद्धा बिघडताना बहुतेकदा ‘चालू’ अवस्थेतच अडकतो. म्हणजे कुठलाही थर्मोस्टॅट घ्या, तो बिघडला की टँक थंड पडण्यापेक्षा भाजून निघण्याची शक्यता मोठी. आणि यात साधा अलार्म नाही! तापमान वीस अंशांनी वर गेलंय हे त्या यंत्राला कळत होतं, स्क्रीनवर दिसत होतं, आणि ते गप्प होतं. दोन डॉलरच्या घड्याळात बझर असतो. यात का नाही?

थंडीचं एवढं भय नसतं. फेब्रुवारी २०२१ मध्ये आमच्या टेक्ससात बर्फाच्या वादळाने वीज गेली, कित्येक घरांत दिवसच्या दिवस आली नाही. त्या वेळी साप पाळणाऱ्या ओळखीच्यांनी टँकला गोधड्या गुंडाळून काम भागवलं. साप थंडीत मंदावतो, खात नाही, पण थोडे दिवस निभावून नेतो. उष्णतेत मात्र काही तासांत खेळ खलास. म्हणून हे यंत्र कुठल्या बाजूला बिघडतं, हा माझ्या लेखी सगळ्यात मोठा प्रश्न आहे.

आता कंपनीशी झालेला पत्रव्यवहार. आधी बिल मागितलं, दिलं. सीरियल नंबरचा फोटो मागितला, दिला. मग म्हणे वॉरंटी माल गोदामातून निघाल्यापासून मोजतात. मग म्हणे आमच्याच मॅटबरोबर वापरायला हवा होता. डब्यावर १००० वॅटपर्यंत चालेल असं छापलंय आणि आमची मॅट १६ वॅटची आहे! वर खराब यंत्र परत पाठवायचा खर्च माझ्या माथी. दर मेलला नवा माणूस, आणि प्रत्येकाला पहिल्यापासून सगळं सांगायचं.

तोवर मी दोन थर्मोस्टॅटची सोय केली. भिंतीच्या प्लगला पहिला, तो ९२ वर लावलेला. त्याच्यात दुसरा, ८७ वर. दुसऱ्यात मॅट. रोजचं काम दुसरा करतो. तो अडकला तर पहिला वीज तोडतो. दोघांचे सेन्सर टँकच्या आत न ठेवता मॅट आणि काच यांच्या मध्ये चिकटवले. आत ठेवला की साप ढकलतो, नाहीतर पाणी सांडून ओला होतो, मग तो थंड आकडा दाखवतो आणि मॅट तापतच राहते. मोजायचं मात्र आतल्या काचेवर. भुशाच्या वरचं तापमान पाहून काही उपयोग नाही, मिल्कस्नेक भुसा उकरून थेट काचेवर पोट टेकून झोपतो.

आता सापाविषयी. पहिले काही महिने विचारलं असतंत तर मी म्हटलं असतं की हा फक्त बघायचा साप आहे. हातात घेतला की चाबकासारखा वळवळायचा आणि शेपटीच्या मुळातून असा काही दर्प सोडायचा की साबणाने दोनदा धुऊनही जात नसे. पिल्लांना सगळीकडून धोका वाटतो, हे त्यांचं संरक्षण. आता माझं मत साफ बदललंय. लेकीने रोज थोडा वेळ, सोफ्यावर बसून, वरून झडप न घालता बाजूने हात सरकवून त्याला उचलायची सवय लावली. दर्प कधीचाच थांबला. तरी तो एका जागी बसत नाही. या हातातून त्या हातात, बाहीत, मानेमागे, सतत पुढे पुढे. त्याला पकडायचं नाही, त्याच्यापुढे हात धरत जायचं. पोटाखालच्या रुंद खवल्यांची पकड तळहातावर एकेक करून पुढे सरकते, ते जाणवतं, आणि मला ते फार आवडतं. मांडीवर वेटोळं घालून बसणारा साप हवा असेल तर बॉल पायथन घ्या.

चावला का? एकदा, भुकेच्या वेळी. ओरखड्याइतकंच लागलं, पण या जातीला खायचा सोस मोठा, धरलं की चावत राहतात. उचलण्याआधी कागदाच्या गुंडाळीने अंगाला हलकेच स्पर्श करायचा, म्हणजे जेवण आलं नाही हे त्याला कळतं. खाल्ल्यावर दोन दिवस हात लावायचा नाही. कात येत असतानाही नाही, तेव्हा त्याला धड दिसत नाही. आणि एका टँकमध्ये एकच साप. दुकानदार जोडी घ्या म्हणाला तर त्या दुकानातून बाहेर पडा. हे साप दुसऱ्या सापांना खातात, स्वतःच्या जातीच्यांनाही.

आमचं घर शाकाहारी, त्यामुळे गेरूच्या खाण्याच्या गोठवलेल्या उंदरांसाठी गॅरेजमध्ये छोटा वेगळा फ्रीझर घेतला. दुकानात सुटा उंदीर दोन-तीन डॉलरला पडतो, घाऊक मागवला तर निम्म्याहून कमी. फ्रीझरचे पैसे केव्हाच वसूल झाले. आदल्या रात्री फ्रिजमध्ये, मग झिपच्या पिशवीत घालून गरम पाण्यात, मग चिमट्याने पुढे धरायचा. मायक्रोवेव्ह अजिबात नको. जिवंत उंदीर तर नकोच, तो सापाला कुरतडतो. थंडीत गेरू जेवण नाकारतो, वजन टिकून असेल तर घाबरायचं नाही. हाताळल्यावर हात साबणाने धुवायचेच, साल्मोनेला असतो. घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर थोडं थांबा.

साताऱ्याला आईला फोनवर सांगितलं तेव्हा तिचा पहिला प्रश्न, “अगं, दूध पितो का?” आपल्याकडे धामण गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते म्हणतात, तशीच समजूत अमेरिकेतल्या शेतकऱ्यांची या सापाबद्दल होती. दोन्ही साप गोठ्यात येतात ते उंदरांसाठी. सापाला ओठ-गाल नसतात, तो आचळ ओढूच शकत नाही. तिला हेही सांगितलं, की धामण किंवा नाग असा घरात ठेवणं आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. तिथल्या वाचकांनी गेरूचं कौतुक वाचून बांधावरचा साप उचलू नये. गेरू टँकमध्येच जन्मलेल्या सापांच्या वंशातला आहे. टेक्ससवाल्यांनाही एक सांगणं: इथला विषारी कोरल साप असाच लाल-काळा-पिवळा असतो. कुठला रंग कुठल्या रंगाला लागून आहे यावरून विषारी साप ओळखायचं जे पट्ट्यांचं गाणं आहे, ते म्हणत अंगणातला साप हातात घेऊ नका.

खरेदी करणाऱ्यांना एक गोंधळ होतो. २०१४ च्या संशोधनानंतर मिल्कस्नेकच्या एका प्रजातीच्या सात केल्या गेल्या आणि होंडुरन आता लॅम्प्रोपेल्टिस अबनॉर्मामध्ये मोडतो. ब्रीडरच्या लेबलवर जुनंच नाव असतं. तो फसवत नाहीये, सांभाळायची पद्धत तीच.

अपडेट: वरचं लिहून झालं आणि कंपनीने नवा थर्मोस्टॅट पाठवला, जुना परत न मागता. माझ्या लांबलचक मेलमधला वॅटचा मुद्दा कुणीतरी अखेर वाचला असावा. थर्मोस्टॅटला दिलेल्या एका स्टारचे दोन करते, त्यापुढे नाही, कारण नव्यातही अलार्म नाही. रिकाम्या डब्याखाली मॅट लावून आठवडाभर चालवून पाहिला, आकडा बरोबर धरतो. आता तो ९२ च्या राखणीवर आहे, रोजचं काम दुसऱ्या कंपनीच्या प्रपोर्शनलकडे.

डिसेंबरात पुण्याला तीन आठवडे जाऊन आलो. कुत्रा पाळणारे मित्र बोर्डिंगचे शेकडो डॉलर भरतात, आमचा खर्च शून्य. थंडीत गेरू तसाही खात नव्हता. शेजारीण दोन दिवसांआड येऊन पाणी बदलायची आणि टेम्परेचर गन काचेवर रोखून आकड्याचा फोटो पाठवायची. आकडा ९० च्या वर दिसला तर मॅटचा प्लग काढून टाक, बाकी कशाला हात लावू नकोस, एवढंच तिला लिहून दिलं होतं.