रोझरी की स्तोत्रसंहिता?

नोकरीला लागल्यापासून भाची विचारतेय, "मावशी, रोज एकच जमेल. रोझरी धरू की बायबलच्या स्तोत्रसंहितेतली स्तोत्रं वाचू?"

रोझरी म्हणजे मरियामातेची जपमाळ, तिला वीसेक मिनिटं जातात. पाच रहस्यं, म्हणजे येशू-मरियेच्या जीवनातले मनन करायचे प्रसंग, प्रत्येकात दहा वेळा 'नमो मरिया' ही प्रार्थना. पण वसईहून सुटणाऱ्या गर्दीच्या लोकलमध्ये उभ्यानेही होते. माळ पर्समध्येच राहू दे, दहा बोटं पुरतात. थकलेल्या मनाला पाठ शब्दच सावरतात. आईच्या आजारपणात मला त्यांनीच धरून ठेवलं.

स्तोत्रं १५०. रोज पाच वाचलीस तर महिन्यात होतात. ११९वं मात्र १७६ वचनांचं, त्याला वेगळा दिवस दे. इथे निवांत जागा हवी. पण राग, भीती, तक्रार देवापुढे मांडायला तिथेच शिकता येतं.

प्रवासात मन भरकटत असेल तर रोझरी घे. प्रार्थना नुसती ओठांवर राहतेय असं वाटलं, तर पहाटे एकच स्तोत्र, सावकाश.