टर्बो बसवण्याआधी हे लीक टेस्ट किट घ्याच

जुनी टू-स्ट्रोक स्नोमोबाइल (बर्फावर चालणारी गाडी) घेतली, तिला टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणारं यंत्र, बसवायचा होता. दोन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन (पिस्टन दाबतो तेव्हाचा आतला दाब) जवळपास सारखं आलं, त्यामुळे मी निर्धास्त होतो. तरी इंजिनातून हवा गळते का ते तपासणारं हे किट मागवलं ते फार बरं झालं. इंजिनाच्या इनटेक-एक्झॉस्टला (हवा आत येण्याच्या आणि धूर बाहेर जाण्याच्या तोंडांना) रबरी बुचं लावून हातपंपानं ६ पीएसआय दाबाची हवा भरली, तर मिनिटभरात गेजचा काटा खाली! साबणाचं पाणी मारलं. मॅग्नेटोच्या (ठिणगीसाठी वीज बनवणाऱ्या भागाच्या) बाजूच्या क्रँक सीलपाशी, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याभोवतीच्या रबरी कड्यापाशी, मोहरीएवढे बुडबुडे, एकामागून एक. तिथून हवा शिरली की मिश्रणात पेट्रोल कमी पडतं आणि पिस्टन जळतो. टर्बोच्या इंजिनाला तर वेळच लागत नाही. सील बदलल्यावर काटा १० मिनिटं जागचा हलला नाही. गेज चोख आहे. बुचांचे क्लॅम्प मात्र तकलादू, दुसरे आणा.