अ‍ॅन्सिबल व्हॉल्ट की सॉप्स?

टीममधल्या नव्या मुलाने विचारलं, "दादा, डेटाबेसचा पासवर्ड एन्क्रिप्ट करून कोडसोबत गिटमध्येच ठेवायचाय. कशात ठेवू?"

पर्याय दोन: अ‍ॅन्सिबल व्हॉल्ट (सर्व्हर आपोआप लावणाऱ्या अ‍ॅन्सिबलमधलंच, फाइल कुलूपबंद करणारं साधन) आणि सॉप्स (गुपितांच्या फाइली एन्क्रिप्ट करणारं वेगळं साधन). शिकायला व्हॉल्ट सोपं. एक पासवर्ड, एक कमांड, अख्खी फाइल एईएस-२५६ या एन्क्रिप्शन पद्धतीने बंद. पण एक अक्षर बदललं तरी सगळी फाइल नव्याने एन्क्रिप्ट होते आणि डिफमध्ये (काय बदललं ते दाखवणाऱ्या यादीत) नुसता आकड्यांचा ढीग. रिव्ह्यू करणाऱ्याने बघायचं काय, कपाळ? सॉप्स फक्त व्हॅल्यू (म्हणजे प्रत्यक्ष पासवर्ड) झाकतं, त्यांची नावं उघडी ठेवतं. कोणती ओळ बदलली ते दिसतं. (नावंच गुपित असतील तर मात्र हा तोटा.)

खरा फरक किल्लीत. व्हॉल्टचा पासवर्ड सहसा सगळ्यांत एकच, आणि शेवटी तो चॅटवर फिरतो. सॉप्समध्ये प्रत्येकाची किल्ली वेगळी ठेवता येते. कोणी नोकरी सोडली की त्याची यादीतून काढायची. तरी जुन्या कमिट (गिटमध्ये जपलेले आधीचे बदल) तो उघडू शकतोच, म्हणून मूळ पासवर्ड दोन्हीकडे बदलावेच लागतात. हे बहुतेक जण विसरतात.

पैसे दोन्हींना शून्य.

एकटा असशील आणि सर्व्हर अ‍ॅन्सिबलनेच लावत असशील तर व्हॉल्ट पुरे. चार-पाच जण एकाच फाइलीत हात घालणार असतील तर सॉप्स.